आकडा खरा, पण प्रश्न कोणाचा?



नव्याच्या सणाच्या आधी आपल्या समाजाच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप फिरत होता. ‘जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले, युरोपातल्या ४५ टक्के मुसलमानांचा यहुद्यांवर विश्वास नाही.’ खाली कोणी लिहिले, “आम्ही काय वेगळे सांगत होतो?” दुसऱ्या कोणी लिहिले, “मुसलमानांना बदनाम करायला काढलेले संशोधन आहे हे, एक अक्षर खरे नाही.” मग भांडण झाले आणि दोन जण ग्रुप सोडून गेले. मूळ संशोधन काय आहे, ते कोणी विचारलेच नाही.

या ब्लॉगवर आम्ही एरवी नवगाव, रेवदंडा, पनवेल, इस्राएल मोहल्ला असे विषय घेतो. आज जर्मनीवर लिहितो आहोत, कारण हा विषय आपल्या इतिहासापासून वाटतो तितका दूर नाही. एका लहान समाजाला घरी जाऊन, टेलिफोन करून, नाव पाहून प्रश्न विचारायचे आणि त्यावरून ‘हे लोक असे आहेत’ असे जाहीर करायचे, हे आपल्याबाबतीत घडून गेले आहे.

आमचे म्हणणे आधीच सांगतो. तो आकडा खोटा नाही. पण तो ज्या रीतीने फिरतो आहे ती रीत खोटी आहे. आणि हा फरक इतर कोणाच्याही आधी बेने इस्राएलांना कळायला हवा.

तो आकडा कुठून आला

आमचा जन्म वॉर्डात गेला. चार्टवर नुसते ‘टेंपरेचर १०२’ लिहिलेले असले तर मोठ्या सिस्टर रागवत. किती वाजता घेतले? तोंडात की काखेत? पेशंटने नुकताच गरम चहा घेतला होता का? एवढे कळल्याशिवाय त्या १०२ ला अर्थ नाही. तोच नियम इथे लावून बघू.

बर्लिनमध्ये सामाजिक संशोधनाचे एक मोठे केंद्र आहे, त्याला डब्ल्यूझेडबी म्हणतात. तिथले डच समाजशास्त्रज्ञ रुड कूपमान्स यांनी २००८ साली जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, बेल्जियम, ऑस्ट्रिया आणि स्वीडन या सहा देशांत पाहणी केली. सुमारे ९,००० लोकांना टेलिफोनवर प्रश्न विचारले. त्यांत तुर्की आणि मोरोक्कोच्या मुळाचे लोक होते आणि तुलनेसाठी त्या त्या देशातले मूळचे रहिवासी होते. निष्कर्ष २०१३ च्या अखेरीस बाहेर आले आणि युरोपभर गाजले. ‘यहुद्यांवर विश्वास ठेवता येत नाही’ या वाक्याला ४५ टक्के मुसलमानांनी होकार दिला होता. मूळच्या ख्रिश्चन रहिवाशांत तो होकार ९ टक्क्यांच्या आसपास होता. धर्माचे नियम देशाच्या कायद्याहून मोठे मानणारे मुसलमान ६५ टक्के निघाले. शिक्षण, नोकरी, उत्पन्न यांतला फरक हिशेबात धरला तरी दोन गटांतले अंतर पुरते मिटले नाही.

तेव्हा ‘एक अक्षर खरे नाही’ म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे, असे म्हणून चालणार नाही. शंभरातले ४५ जण आपल्याबद्दल असे म्हणतात, हे वाचून आम्हाला झोप आली नाही. २००८ च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये काय झाले ते आपण विसरलेलो नाही. द्वेषाचा आजार असेल तर त्याचे निदान झालेच पाहिजे. पेशंट नाराज होईल म्हणून रिपोर्ट लपवणारी नर्स पेशंटचे भले करत नाही.

पण आता निरोपात जे गळून गेले ते बघा.

पहिली गोष्ट. ही पाहणी तुर्की आणि मोरोक्कन कुटुंबांची होती. इराणी, बोस्नियन, अफगाण, पाकिस्तानी लोक तिच्यात नव्हते. आणि तुर्कांतसुद्धा सगळे एका माळेचे मणी नाहीत. जर्मनीतल्या तुर्कांमध्ये अलेवी नावाचा एक पंथ आहे. त्यांच्यात कट्टर धर्ममताचे प्रमाण १५ टक्केच आढळले, सुन्नींहून पुष्कळ कमी. हेही कूपमान्स यांनीच लिहिले आहे.

दुसरी गोष्ट. कूपमान्स यांनी स्वतः बजावले होते की कट्टर मत म्हणजे हिंसेला पाठिंबा असे समजू नका. शिवाय त्यांनी हेही सांगितले की मुसलमान तिथे थोडे असल्यामुळे, डोकी मोजली तर यहुदीद्वेष करणाऱ्यांत मोठी संख्या मूळच्या रहिवाशांचीच आहे.

हे ऐकायला विचित्र वाटते, म्हणून एक साधा हिशेब मांडतो. शंभर माणसांच्या गावात पाच मुसलमान आहेत असे धरा. त्यांतले ४५ टक्के म्हणजे दोन जण, फार तर सव्वादोन म्हणा. उरलेले पंचाण्णव. त्यांतले ९ टक्के म्हणजे साडेआठ जण. त्या गावातल्या यहुद्याला रस्त्यात भेटणाऱ्या दहा-अकरा द्वेष्ट्यांपैकी दोन मुसलमान असतील आणि आठ-नऊ इतर. टक्का मुसलमानांत जास्त, डोकी इतरांत जास्त. दोन्ही विधाने खरी आहेत. निरोप लिहिणाऱ्याने एक ठेवले आणि दुसरे कापले.

दोन नोंदवह्या

आता जर्मनीतल्याच दोन नोंदी शेजारी ठेवू.

जर्मन पोलिसांनी २०१९ साली २,०३२ यहुदीद्वेषी गुन्हे नोंदवले. त्यांतले ९३ टक्क्यांहून जास्त गुन्हे उजव्या अतिरेक्यांच्या खात्यावर टाकले गेले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने यहुद्यांनाच विचारले होते की तुम्हाला जो सर्वांत वाईट त्रास झाला तो कोणी दिला. जर्मनीतल्या ४१ टक्के लोकांनी उत्तर दिले, कट्टर मुस्लीम विचारांच्या माणसाने. उजव्या विचारांच्या माणसाने असे सांगणारे होते २० टक्के.

देश एक, आजार एक, आणि चार्ट दोन. मग खोटे कोण बोलते?

कोणीच नाही. पोलिसांच्या वहीत जातो तो गुन्हा. भिंतीवर काढलेले स्वस्तिक, नाझी घोषणा, इंटरनेटवरची गरळ हे सगळे त्यात येते, आणि गुन्हेगार सापडला नाही तर बहुतेक वेळा ती नोंद उजव्यांच्या रकान्यात टाकण्याची पद्धत होती. तिच्यावर जर्मनीत टीकाही झाली. उलट लोकांना विचारले तेव्हा रस्त्यात, शाळेत, ट्राममध्ये ऐकून घ्यावे लागलेले टोमणे वर आले. त्यांतले बहुतेक पोलीस चौकीपर्यंत पोचतच नाहीत. आणि समोरचा माणूस कोणत्या विचाराचा, हे त्या बिचाऱ्याने चेहऱ्यावरून, बोलण्यावरून ठरवलेले.

वॉर्डात हे रोजचेच. चार्ट म्हणतो पेशंट स्थिर आहे, पेशंट म्हणतो रात्रभर डोळा लागला नाही. नव्या मुलींना आम्ही सांगत असू, दोन्ही लिहा. एक खोडून दुसरे लिहू नका.

दारफळणीच्या सणाला

आकडे बाजूला ठेवून एक घटना आठवा. ९ ऑक्टोबर २०१९, योम किप्पूर, म्हणजे आपल्या आजीच्या भाषेत दारफळणीचा सण. आपली जुनी माणसे त्या दिवशी दार लावून घेत, शुभ्र कपडे घालून उपास करत, कोणाला शिवत नसत. पूर्व जर्मनीतल्या हाले शहरात त्या दिवशी पन्नासएक माणसे सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला बसली होती. एक जर्मन तरुण बंदुका आणि स्फोटके घेऊन आला. लाकडी दार त्याला उघडले नाही. आतली माणसे वाचली. त्याने रस्त्याने जाणाऱ्या एका बाईला मारले, मग गाडी घेऊन जवळच्या तुर्की कबाबच्या दुकानावर गेला आणि तिथे एका माणसाला मारले.

यहुदी हाती लागले नाहीत तेव्हा तो मुसलमान शोधायला निघाला. त्याच्या डोक्यात ती दोन दारे एकाच यादीत होती. पुढे चार महिन्यांनी, १९ फेब्रुवारी २०२० ला, हानाऊ शहरात दुसऱ्या एका जर्मन माणसाने स्थलांतरित घरांतल्या नऊ जणांना ठार केले. त्यानंतर सरकारने मुस्लीमद्वेषावर तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिचा अहवाल २०२३ मध्ये आला. लाइपझिग विद्यापीठाची माणसे तर बरीच वर्षे जर्मन लोकांनाच प्रश्न विचारत आहेत. २०१८ च्या त्यांच्या पाहणीत मुसलमानांना जर्मनीत येण्यास बंदी घालावी असे म्हणणारे ४४ टक्के होते.

४५ आणि ४४. एका आकड्यात मुसलमान यहुद्याकडे बघतो आहे, दुसऱ्यात जर्मन मुसलमानाकडे. आपल्या ग्रुपवर पहिलाच का आला, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला.

आधी आपल्याला मोजले

मोजदाद जर्मनीला नवी नाही, आणि पूर्वी तिथे मोजले गेले ते यहुदी.

१८७० च्या दशकात डॉक्टर रुडॉल्फ विरखोव यांनी जर्मनीतल्या ६७ लाखांवर शाळकरी मुलांच्या केसांचा, डोळ्यांचा आणि कातडीचा रंग नोंदवून घेतला. त्यांत यहुदी मुले सुमारे ७५,००० होती. विरखोव भला माणूस, यहुदीद्वेषाचा विरोधक. त्यांचा निष्कर्षही भला होता. शुद्ध जर्मन वगैरे काही सापडत नाही, यहुदी मुलांतही शेकडा अकरा मुले सोनेरी केसांची आहेत. पण वर्ग भरलेला असताना यहुदी मुलांची नोंद निराळ्या रकान्यात होत होती. बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलाने त्या दिवशी काय शिकले असेल? निष्कर्ष पुढे पुस्तकात छापला गेला, रकाना मात्र मुलांच्या डोक्यात राहिला.

मग पहिले महायुद्ध आले. सुमारे एक लाख जर्मन यहुदी सैन्यात गेले आणि त्यांतले १२,००० मेले. तरी कुजबुज सुरू झाली की हे लोक आघाडीवर जायचे टाळतात. ऑक्टोबर १९१६ मध्ये प्रशियाच्या युद्ध खात्याने हुकूम काढला, सैन्यातले यहुदी मोजा. खंदकात उभ्या असलेल्या शिपायाला अधिकारी येऊन विचारतो, तू यहुदी ना? बाकीचे बघत आहेत. युद्ध संपेपर्यंत सरकारने निकाल जाहीरच केला नाही. युद्धानंतर द्वेष्ट्यांनी त्यातले सोयीचे तुकडे छापले. १९२२ मध्ये समाजशास्त्रज्ञ फ्रान्झ ओपनहायमर यांनी तो हिशेब कसा चुकीचा होता ते दाखवून दिले, पण तोवर उशीर झाला होता. त्या मोजणीची जखम आकड्याने झाली नव्हती. ती प्रश्नाने झाली होती.

आणि एक गोष्ट आपल्या घरची. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावती कर्वे तुम्हाला माहीत आहेत. १९२७ मध्ये त्या बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. त्यांचे प्राध्यापक ऑयगेन फिशर. फिशर यांचे मत असे की गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी दोन बाजूंनी असमान असते, कारण बुद्धीचा भाग तिथे मोठा असतो. इतर वंशांत तसे नसते. हे तपासायला इरावतीबाईंना १४९ कवट्या दिल्या गेल्या. बाईंनी त्या एकेक मोजल्या आणि लिहिले की वंशाचा आणि या असमानतेचा संबंध दिसत नाही. परदेशी, एकटी, विशीतली मुलगी, पदवी त्याच प्राध्यापकाच्या हातात. तरी मोजपट्टीने जे सांगितले तेच तिने लिहिले. १९३३ नंतर त्याच संस्थेतली माणसे कोण कोणत्या वंशाचा याचे दाखले नाझी सरकारला देऊ लागली.

म्हणून संशोधन वाईट, असे आम्ही म्हणत नाही. संशोधन इरावतीबाईंनीही केले आणि फिशर यांनीही. एकाने उत्तर आधी ठरवून कवट्या मागवल्या. दुसरीने कवट्या पाहून उत्तर लिहिले.

मग आपली पाळी

आता घरी येऊ. १९६२ मध्ये इस्राएलच्या प्रमुख रब्बींच्या कार्यालयातून सूचना निघाली की बेने इस्राएल मुलामुलीचे लग्न लावण्याआधी त्याच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. रीतसर यहुदी होते की नाही, मध्ये कोणी परका आला होता का. आपली माणसे लग्नाची पत्रिका घेऊन गेली आणि वंशावळ मागितली म्हणून परत आली. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला आपल्या लोकांनी धरणे धरले आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत. त्या सूचनेतून आपले नाव वगळले गेले.

पुढे अभ्यासक आले. शिफ्रा स्ट्रिझोवर यांचे मुंबईच्या बेने इस्राएलांवरचे पुस्तक १९७१ मध्ये निघाले. त्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा भेद सविस्तर आला. आपल्यापैकी पुष्कळांना तो छापलेला आवडला नाही. पण तो होता, आणि आपल्याच घरात होता. काळ्यांना पंगतीत वेगळे बसवणारे आपलेच आजोबा होते. न आवडणारा प्रश्नही कधीकधी बरोबर असतो, हे आपण तिथे शिकलो. २०१६ मध्ये आपल्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात यहुदी आणि भारतीय दोन्ही पूर्वज दिसले. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी तो कागद देवापाशी ठेवल्यासारखा कपाटात ठेवला आहे. आम्ही त्यांना म्हटले, “बाई, १९६४ साली क्नेसेटबाहेर बसलेल्यांकडे हा कागद कुठे होता?” त्या हसल्या, पण कागद काढला नाही.

हे सगळे ज्यांच्या वाट्याला आले, त्यांनी दुसऱ्या लहान समाजाची मोजणी वाचताना जरा थांबायला नको का?

तुर्क मुसलमान कधी झाला

जर्मनीतले मुसलमान तिथे कसे आले तेही बघा. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी, खाणींसाठी कामगार आणले. तेव्हा त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हणत. मग ते परदेशी झाले, मग तुर्क झाले. २००१ नंतर तोच माणूस, त्याच घरात, त्याच नोकरीत, ‘मुसलमान’ झाला. रीम श्पीलहाउस या अभ्यासक बाईंनी या नावबदलावरच २०११ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांचा प्रश्न साधा आहे, इथे मुसलमान कोण, आणि ते कोणी ठरवले?

२००६ मध्ये जर्मन सरकारने इस्लाम परिषद सुरू केली आणि तिच्यासाठी एक मोठी पाहणी झाली. ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. टेलिफोनच्या यादीतून नावे बघून ६,००० हून अधिक लोक निवडले, ४९ देशांच्या मुळाचे. मुसलमान ३८ ते ४३ लाख निघाले. त्यांतल्या सुमारे ४५ टक्के लोकांकडे जर्मन नागरिकत्व होते. दहा मुस्लीम बायकांत सात डोक्यावर रुमाल घेत नाहीत असे दिसले. आणि इराणी नावाच्या घरी टेलिफोन केला तर ‘आम्ही कोणताच धर्म मानत नाही’ असे सांगणारे पुष्कळ भेटले. नावावरून धर्म ओळखायला गेले आणि नावाने फसवले.

यात आपल्याला नवल वाटायचे कारण नाही. आमच्या नोकरीच्या काळात एका इस्पितळात केस पेपरवर धर्माचा रकाना होता. आपल्यातले कोणी पेशंट आले की कारकून ‘ज्यू’ ऐकून ‘जैन’ लिहायचा. शलोम नाव सांगितले तर ख्रिश्चन, हारून सांगितले तर मुसलमान, आणि आडनाव पेणकर, नागावकर सांगितले की हिंदू. एका आजीबाईंचा धर्म आठवड्यात तीनदा बदलला होता.

जर्मनीत २०१० मध्ये थिलो सारात्सिन नावाच्या बँक अधिकाऱ्याने पुस्तक लिहिले की मुसलमानांमुळे जर्मनी स्वतःला संपवते आहे. लाखो प्रती खपल्या. त्याच सुमारास एका मुलाखतीत त्यांनी सगळ्या यहुद्यांत एक विशिष्ट जनुक असते असेही म्हटले. मुसलमानांची मोजणी करता करता यहुद्यांच्या रक्तापर्यंत ते किती सहज पोचले बघा. बर्लिनच्या हम्बोल्ट विद्यापीठातल्या नाइका फोरूतान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे आकडे एकेक घेऊन तपासले आणि त्याच वर्षाअखेर आपले उत्तर छापले. संशोधनाला उत्तर संशोधनानेच दिले. असेच व्हायला हवे.

कूपमान्स यांनी पुढे २०२० मध्ये जर्मनीत दुसरे पुस्तक काढले, सगळ्या मुस्लीम देशांवर. हे देश लोकशाहीत, मानवी हक्कांत, समृद्धीत मागे का, याचे कारण त्यांच्या मते १९७९ पासून बळावलेली धर्मांधता. टीकाकार म्हणतात, तेल, परकी सत्ता आणि युद्धे यांचा हिशेब त्यात पुरेसा नाही. वाद चालू आहे आणि आम्ही काही त्यातले पंडित नाही. एवढेच दिसते की ‘मुस्लीम देश’ अशी टोपली केली की भारतातले मुसलमान तिच्या बाहेर राहतात. २०११ च्या जनगणनेत ते १७ कोटींहून जास्त होते. आणि आपल्याला जे मुसलमान ठाऊक आहेत, कोकणातले, माझगावातले, ते तर त्या टोपलीत कधीच नव्हते.

मशीद कोणाची

लोकलने जाताना मशीद बंदर स्टेशन लागते. बाहेरच्या माणसाला वाटते ते मुसलमानांच्या मशिदीवरून पडलेले नाव. आपल्या घरांत सांगतात की ते आपल्या शाआर हाराहमीमवरून पडले. १७९६ साली बांधलेले मुंबईतले पहिले सिनेगॉग, आपल्या जुन्या माणसांची ‘जुनी मशीद’. प्रार्थनेच्या जागेला आपण मशीदच म्हणत होतो आणि धर्माचे काम बघणाऱ्याला काजी म्हणत होतो. या शब्दांनी आपला धर्म कधी बाटला नाही. माझगावची आपली शाळा, सर एली कदूरी, १८७५ ची. आज तिथे शिकणारी बहुतेक मुले मुसलमान आहेत.

कोणी म्हणेल, ही कोकणातली गोड आठवण झाली, जर्मनीतल्या यहुदी मुलाला शाळेत टोमणे बसतात त्याचे काय? बरोबर आहे. आमची आठवण त्या मुलाच्या कामाची नाही. त्याला हवे आहे ते खरे निदान, आणि म्हणूनच आम्हाला कूपमान्सही वाचायचे आहेत आणि फोरूतानही. पण त्या मुलाचे दुःख उचलून शेजारच्या हारूनला मारायला वापरणे म्हणजे एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या पलंगाला लावणे. वॉर्डात असे केले तर नोकरी जाते.

पुढच्या वेळी असा निरोप आला तर पुढे पाठवण्याआधी चार गोष्टी विचारा. कोणाला विचारले? काय शब्दांत विचारले? हाच प्रश्न इतरांना विचारला का, आणि त्यांचे उत्तर काय? आणि ज्याने मोजले त्याने शेवटी काय बजावले, जे इथे कापले गेले? उत्तरे मिळाली तर खुशाल पाठवा, कडू असली तरी पाठवा. नाही मिळाली तर बोट आवरा.

शेवटी एक विनंती. १९६२ ते १९६४ च्या चौकशीचे कागद, पत्रे, रब्बींकडून आलेले फॉर्म कोणाच्या घरी ट्रंकेत असतील तर आम्हाला कळवा. आपल्याला काय काय विचारले गेले होते, ते प्रश्न जसेच्या तसे इथे छापायचे आहेत. उत्तरे नसली तरी चालतील.

शालोम.